शाईच्या बाहेरची कड

१

प्रयोगशाळेत तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते तिला इतकं फिट्ट बसलं होतं की हजेरीच्या यादीत खरं नाव दिसलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण बाई.

तिचं काम छोट्या डब्यांचं होतं. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया व्हायच्या आणि तिथून कातडीचे लहान लहान तुकडे डब्यांतून खाली यायचे. कुणाच्या हातावरचा तीळ, कुणाच्या मानेवरची गाठ, कुणाच्या नाकाशेजारचा हट्टी चामखीळ. प्रत्येक तुकडा साधारण डोळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता. एका टोकाला सर्जन दोऱ्याची गाठ मारून द्यायचे. ती गाठ म्हणजे बारा वाजले, असं समजायचं. मग तुकडा घड्याळासारखा समोर ठेवायचा, लांबी-रुंदी-जाडी मोजायची, अर्जावर त्याचं छोटं चित्र काढायचं आणि कडेला शाई लावायची. उजव्या कडेला निळी, डाव्या कडेला काळी. शाईवर व्हिनेगरचा बोळा टेकवला की ती पक्की बसते. मग फॉर्मॅलिनच्या डबीत रात्रभर मुरत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पावाच्या लादीसारखे काप करायचे.

शाई कशासाठी, तर कड कुठे होती ते पुढे काचेवर कळावं म्हणून. तीळ शाईपर्यंत पोचलेला दिसला, तर त्याचा थोडा भाग माणसाच्या अंगातच राहिलाय असा अर्थ. शाईच्या अलीकडे थांबलेला असला, तर कड मोकळी. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणायच्या, "मोकळी आहे," आणि फूटपट्टीला स्वतःचंच काहीतरी सुटल्यासारखं हलकं वाटायचं. त्या माणसाचं तोंडही तिने पाहिलेलं नसायचं, तरी.

आणि एक गोष्ट तिला कुणी झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने सांगितली असती. फॉर्मॅलिनमध्ये कातडी आकसते. अठराची सतरा होते, कधी सोळा. तेवढीच्या तेवढीसुद्धा राहत नाही.

२

तीळ धाकटीच्या पाठीवर होता, दोन खवाट्यांच्या मधोमध. म्हणजे जिला तो होता तिला तो कधी दिसलाच नसता. दिसायचा तो फक्त ताईला, म्हणजे फूटपट्टीला.

दोघी बहिणी एकत्र राहायच्या. आईवडील गेल्यापासून दोन खोल्या, एक शिवणयंत्र आणि दोघींची वटवट. धाकटी घरीच कपडे शिवायची. तिच्या गळ्यात कायम टेप असायची आणि थोरलीच्या खिशात पट्टी, त्यामुळे शेजारची वहिनी म्हणायची की तुमच्या घरात यायचं तर माप देऊनच यावं लागतं. घर कसं, तर जेवायला बसल्यावर दोघींपैकी एक हमखास हसता हसता ठसका लागून पाणी मागणार.

"चार मिलिमीटर होता," एका रविवारी केस पुसताना ताईने तिच्या पाठीला पट्टी लावून म्हटलं. "आता सहा झालाय. आणि त्याची एक बाजू फिसकटलीय."

"माझी एक बाजू नेहमीच फिसकटलेली असते."

"बयो, हसण्यावारी नेऊ नकोस. सोमवारी दाखवायचा."

"बरं बाई. तू म्हणशील ते. फक्त मला तुझ्या त्या डबीत घालू नकोस."

सर्जनने तीळ पाहिला, भिंगातून पाहिला, आणि लगेच पुढच्या सोमवारची तारीख दिली. लगेच तारीख मिळाली याचा अर्थ ताईला कळत होता. धाकटीला तिने तो सांगितला नाही.

३

त्या सोमवारी दुपारी मामांनी ट्रे आणून टेबलावर ठेवला. मामा म्हणजे तिथले जुने शिपाई, सगळ्यांचेच मामा.

"सात डब्या. एक जरा घरची दिसतेय," ते हळू आवाजात म्हणाले.

लेबलवर धाकटीचं नाव होतं.

प्रयोगशाळेत एक साधा नियम होता. आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. हात थरथरतो, डोळा खोटं बोलतो. तिच्या जोडीला काम करणारी मुलगी सुट्टीवर होती, ती गुरुवारी येणार होती. तोवर ती डबी बाजूला ठेवून द्यायची, एवढंच करायचं होतं.

बाकीच्या सहा डब्या तिने नेहमीसारख्या केल्या. सातवी तशीच ठेवून हात धुतले, कोट काढला, खुंटीला लावला. मग तो परत घातला.

गुरुवारपर्यंत थांबणं तिला जमणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी धाकटीच्या पाठीला चिमटा लावावा हेही तिला चालणार नव्हतं.

अठरा मिलिमीटर लांब, आठ रुंद, चार जाड. मधोमध तो ओळखीचा तीळ. तिने चित्र काढलं. उजव्या कडेला निळी शाई लावली. डाव्या कडेला काळी लावायला काडी उचलली आणि हात खरंच थरथरला. काळ्या शाईचा एक थेंब निळ्या कडेवर पडला, घड्याळात जिथे चार वाजतात तिथे. तिने तो टिपायला बघितलं, पण व्हिनेगर आधीच लागलं होतं. मोहरीएवढा काळा ठिपका तसाच पक्का बसला.

अशी चूक झाली की अर्जावर लिहायची असते. तिने लिहिली नाही, कारण मुळात ती डबी तिने उघडायलाच नको होती.

४

मंगळवारी सकाळी खिडकीतून छान कोवळं ऊन टेबलावर आलं होतं. तिने डबी उघडली, तुकडा चिमट्याने बाहेर काढून पांढऱ्या फळीवर ठेवला, बारा वाजताची गाठ वर केली. कातडी नेहमीसारखी राखट, घट्ट, खोडरबरासारखी झाली होती.

फक्त शाई कडेला नव्हती.

निळी रेघ होती, काळी रेघ होती, चारच्या जागी तो ठिपकाही होता. पण रेघांच्या बाहेर, सगळीकडून, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ एक नवी पट्टी होती. ती राखट नव्हती, गुलाबी होती.

तिने मोजलं. वीस.

तिने मोजायची पट्टी बदलली. पोलादी पट्टी घेतली, ती पुसली, पुन्हा मोजलं. वीस. शेजारच्या डबीतला काल मोजलेला दुसरा नमुना मोजला, तो मुकाट्याने अकराचा दहा झाला होता.

काल आपण चुकलो, असं तिने स्वतःला सांगितलं. हात थरथरत होता, डोळे भरले होते, अठरा कसले, एकवीस असतील. शाई कडेला लावली असं आपल्याला वाटलं, पण ती आत लागली. सगळं पटण्यासारखं होतं. तिला ते पटतही होतं. पण चिमट्याचं टोक त्या गुलाबी पट्टीला लागलं, तेव्हा ती पट्टी मऊ लागली आणि चिमट्याखाली दबून पुन्हा वर आली.

तुकडा परत डबीत घालून तिने झाकण लावलं. "अजून नीट मुरला नाही," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणीच नव्हतं.

५

"ताई, नुसती बघत काय बसलीस? पट्टी काढ ना," धाकटी म्हणाली.

संध्याकाळची वेळ होती. दुसऱ्या दिवशी जखमेवरची पट्टी बदलायची, असं सर्जनने सांगितलं होतं. धाकटी शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर पाठ करून बसली होती आणि बसल्या बसल्या एका बाहीला टीप घालत होती. तिला रिकामं बसता यायचंच नाही.

"दुखतंय का गं?"

"अजिबात नाही. मला तर वाटतंय की त्यांनी काही काढलंच नाही. नुसतं भूल देऊन घरी पाठवलं."

ताईने चिकटपट्टीचं टोक सोडवलं, हळूहळू ओढलं, कापूस उचलला.

चार टाके घालून मिटलेली जखम, बोटाच्या एका पेराएवढी उभी. स्वच्छ, कोरडी, सूज नाही. एका दिवसात इतकी चांगली भरलेली जखम तिने पाहिली नव्हती. जखमेच्या दोन्ही कडांना अगदी बारीक गुलाबी पट्टी आली होती. आणि त्या पट्टीच्या लगत, डाव्या बाजूला काळी रेघ होती, उजव्या बाजूला निळी.

सर्जन कापण्याआधी पेनाने खूण करतात, हे तिला माहीत होतं. ते पेन जांभळं असतं, हेही माहीत होतं. कदाचित नवं पेन आणलं असेल. कदाचित दोन पेनं असतील.

मग तिने मान जरा खाली केली. निळ्या रेघेवर, खालच्या बाजूला, जिथे चार वाजतात तिथे, मोहरीएवढा काळा ठिपका होता.

तिने ओल्या कापसाने तो पुसून पाहिला. कापूस पांढराच राहिला.

"गार आहे गं," धाकटी खांदे आक्रसत म्हणाली. "कसं काय आहे? सांग तरी."

"छान आहे," ताई म्हणाली. "फारच छान भरतंय."

आणि ते खोटं नव्हतं.

६

बुधवारी डॉक्टरबाईंनी स्वतःच विचारलं. त्यांच्या चष्म्याच्या वरून बघण्याला प्रयोगशाळेत सगळे वचकून असत, पण त्यांचं मन लोण्यासारखं होतं.

"फूटपट्टी, बहिणीची डबी सोमवारी आली ना? मामा सांगत होते. तू हात लावलास?"

"लावला."

"मला माहीत होतं. बघू."

डॉक्टरबाईंनी तुकडा दिव्याखाली धरला. भिंग लावलं. तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "शाई आत ओढली गेलीय, दुसरं काय. मापं किती लिहिलीस?"

"अठरा. काल वीस होतं. आज एकवीस."

"चुकली असशील."

"मी?"

"तूसुद्धा माणूसच आहेस, बाई." त्यांनी भिंग खाली ठेवलं, पण तुकड्याकडे पुन्हा एकदा नजर टाकली, आणि ती नजर जरा जास्त वेळ तिथे राहिली. "हे बघ, तो तीळ मला आवडलेला नाही. वाईट निघाला तर सर्जनला पुन्हा कापावं लागेल, आणि ते लवकर व्हायला हवं. आज काप झालेच पाहिजेत. आण इकडे, मी करते."

"नको," ती म्हणाली. "माझं माणूस आहे. मीच करते. फक्त एक फोन करू दे."

डॉक्टरबाईंनी खांदे उडवले. टेबलापाशी फोन आणायचा नाही हा नियम त्यांनीच केला होता. तरी त्या उठून बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

७

"बयो, काय करतेस?"

"काय करणार, वहिनीचा झगा. हा तिसऱ्यांदा सैल करतेय, आणि ती म्हणते कापडच आटलं." पलीकडे शिवणयंत्र खडखडत होतं. "तू या वेळी फोन कसा केलास? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तू शिवत राहा. फोन बाजूला ठेवून दे. मला नुसता आवाज ऐकायचाय."

"तिथे काही काम नाही वाटतं."

"आहे ना. तेच करतेय."

धाकटी हसली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. ताईने फोन वरच्या फळीवर ठेवला, हातमोजे चढवले. अठरा मिलिमीटरचा तुकडा म्हणजे तीन-तीनचे सहा काप, म्हणजे पाच वेळा सुरी. एकवीसचे सात होतात. तिने शाईपासून शाईपर्यंतच मोजायचं ठरवलं. बाहेरची गुलाबी पट्टी दोन टोकांच्या कापांबरोबर आपोआप येईल.

आधी बाराच्या टोकाची गाठ तिने कात्रीने अलगद सोडवली आणि परत डबीत टाकली. गाठीला कोंड्याएवढं काहीतरी चिकटलेलं होतं.

मग पहिला काप.

यंत्र थांबलं.

"काय झालं?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"काही नाही, दोरा तुटला."

यंत्र सुरू झालं. तिने वाट पाहिली. धाकटी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. दुसरा काप. यंत्र थांबलं.

"पुन्हा?"

"हो ना. हे रीळच कुचकं दिसतंय."

सुरी हातात तशीच राहिली. तिसरा काप तिळातून जाणार होता. इथेच थांबलं तर धाकटीला काही होणार नाही, असं तिला वाटलं. आणि इथेच थांबलं तर धाकटीला काय झालंय ते कधीच कळणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. सहाचा तीळ आठ होईल, आठाचा दहा, आतल्या आत, ज्या जागी तिला दिसत नाही त्या जागी. आपण वेड्यासारखं करतोय, रीळ खराब आहे, जगात रिळं खराब असतात, असं ती स्वतःशी म्हणाली. मग श्वास रोखून तिने सुरी टेकवली.

तिसरा.

या वेळी पलीकडची शांतता लांबली.

"बयो?"

काहीच नाही.

"बयो, बोल की."

"अगं हो, दोरा ओवतेय. टोक तोंडात धरलं होतं."

चौथा. पाचवा. प्रत्येक वेळी यंत्र थांबलं, प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झालं.

"कुठे दुखतंय का?" शेवटी तिने विचारलं.

"नाही. उलट बरं वाटतंय. पाठीवरून कुणी बोटं फिरवल्यासारखं." धाकटी जांभई देत म्हणाली. "ताई, तू आज लवकर ये. मस्त ऊन पडलंय."

सहा काप तिने जाळीच्या छोट्या डब्यांमध्ये ठेवले, झाकणं लावली, मोजले. सहा. मोजे काढल्यावर बोटं ओली होती.

८

शुक्रवारी डॉक्टरबाई स्वतः तिच्या टेबलापाशी आल्या.

"साधा तीळ. दिसायला दुष्ट, पण साधा. आणि कड मोकळी, शाईपासून पूर्ण एक मिलिमीटर. जा, घरी सांग."

ती खुर्चीत बसली ती बसलीच. मामांनी न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला.

"एक आहे," डॉक्टरबाई जाता जाता थांबून म्हणाल्या. "शाईच्या बाहेर पेशींचा एक थर आहे. निव्वळ नवी कातडी. भरत्या जखमेच्या कडेला असते ना, तशी. डबीत ती कशी येईल?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "असो. अहवालात त्याची काही गरज नाही."

त्या संध्याकाळी दोघी बहिणी पोट दुखेपर्यंत हसल्या. धाकटीने वहिनीच्या झग्याच्या उरलेल्या कापडातून ताईच्या पट्टीला खोळ शिवली आणि तिला काजाबटण केलं.

दहाव्या दिवशी टाके निघाले. सर्जन म्हणाले की इतकं सुबक भरलेलं त्यांनी कमीच पाहिलंय. शाई गेली होती, ठिपकाही गेला होता. एक उभी नाजूक रेघ आणि तिच्यावर टाक्यांच्या फिकट आडव्या खुणा उरल्या होत्या.

टाके चार होते. आडव्या रेघा पाच होत्या. ताईने एकदाच मोजल्या आणि पुन्हा मोजल्या नाहीत.

९

डब्या महिनाभर ठेवायच्या असतात. महिनाअखेर त्यांतलं फॉर्मॅलिन कॅनमध्ये ओतायचं, उरलंसुरलं पिवळ्या पिशवीत टाकायचं. पिशवी मामा मागच्या भट्टीत देतात.

दुपारचे तीन वाजले होते. मामा पिशवी धरून उभे होते आणि जावयाच्या तक्रारी सांगत होते. ती एकामागून एक झाकणं काढत होती. धाकटीच्या डबीत खरं तर काहीच नसायला हवं होतं, सगळेच काप पुढे गेले होते. नुसता तो गाठीचा दोरा. तिने तिचंही झाकण काढलं.

दोरा तळाशी नव्हता. मध्यावर तरंगत होता, आणि तो कशाच्या तरी आत होता. गाठीच्या सगळ्या बाजूंनी, निमुळतं, गुलाबी, तळव्यावर मावेल एवढं.

वरच्या पंख्याचा गार झोत डबीवर आला. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या गुलाबी कातडीवर सरसरून काटा आला. बारीक बारीक केस एकेक करून उभे राहिले.

तिने झाकण लावलं. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं, हलक्या हाताने.

"ही राहिली," मामा पिशवी पुढे करत म्हणाले.

"ही नको. ही अजून लागणार आहे."

"कापून झालेल्याची?"

"हो."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग खिडकीकडे. "फूटपट्टी म्हणतेय म्हणजे नियमच असणार," ते म्हणाले आणि पिशवीला गाठ मारून निघून गेले.

तिच्या खिशात पट्टी होती, नव्या खोळीत. तिने ती काढली नाही. लेबलवर नवी तारीख घातली आणि डबी फळीवर मागे, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही आणि सकाळचं ऊन थोडं पोचतं, तिथे सरकवली.

१०

"आज दुपारी काय झालं माहितेय का," जेवताना धाकटी म्हणाली. "एकदम थंडी वाजली. पाठीवर असा काटा आला ना. खिडक्या बंद, पंखा बंद. तीनेक वाजले असतील."

"दार उघडं राहिलं होतं."

"कुठलं दार?"

"लावलं मी," ताई म्हणाली.

"तू? तू तर कामावर होतीस."

"तेच म्हणतेय. खा गपचूप, गार होतंय."

धाकटीने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, ताट उचललं आणि यंत्रापाशी जाऊन बसली. वहिनीचा झगा चौथ्यांदा आला होता. ताई भांडी विसळू लागली. विसळता विसळता तिच्या लक्षात आलं की पुढच्या महिनाअखेरीला डब्या रिकाम्या करायची पाळी त्या दुसऱ्या मुलीची आहे. ती बदलून घ्यायला हवी. त्याच्या पुढचीही. त्यात काय, त्या पोरीला आनंदच होईल, तिला ते काम मुळी आवडतच नाही.

मागे यंत्र खडखडत होतं, एका लयीत, दोरा न तुटता. ती हात पुसून तिथेच उभी राहिली आणि ऐकत राहिली.